नाचऱ्या जमिनीकडचा बाण

प्रारोवेरे गावात म्हणायचे, आर्मिदा कोसावेल्लाला माणसांचा तिटकारा आहे. ते काही खरं नव्हतं. तिला तिटकारा होता तो हौसेने चालणाऱ्या माणसांचा. कामाला म्हणून कुणी चालत असेल, गुरांमागे, लाकडाला, बाजाराला, तर तिचं काही म्हणणं नव्हतं. पण पाय धडधाकट असताना दोन्ही हातांत काठ्या घेऊन सान ग्रातोच्या तळ्याभोवती जनावरासारखी चार पायांवर चालणारी शहरी माणसं दिसली, की तिच्या डोक्यात तिडीक जायची. एकाला तिने विचारलंही होतं, कुठं निघालात म्हणून. तो म्हणाला, कुठं नाही, तळ्याला फेरी मारून निघालो तिथंच परत. ही गोष्ट तिने बेकरीवाल्या इरिदेला कितीतरी दिवस सांगितली. घाण्याचा बैल फिरतो तेव्हा तेल तरी निघतं, ती म्हणायची, यांचं काय निघतं?

ज्या वाटेवरून ही माणसं चालायची त्याच वाटेवर तिचा जन्म गेला होता. गुरांखाली अंथरायला चेस्टनटचा वाळका पाला, हिवाळ्यासाठी गवत, चुलीसाठी फाटे, सगळं तिने पाठीवरच्या टोपल्यातून याच वाटेने वाहिलं होतं. एकदा तर पाय मोडलेलं वासरू. तेव्हा कुणी थांबून तिला म्हणालं नव्हतं की बाई, किती सुंदर चालता.

आणि या सगळ्या वरातीला गावात घेऊन आला होता तिचा सख्खा धाकटा भाऊ, फिओरेंझो.

फिओरेंझो तरुणपणीच तुरीनला गेला, विमा कंपनीत लागला, तिथंच लग्न केलं, आणि पोट सुटून केस गेल्यावर निवृत्त होऊन परत आला. आला तो गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून. त्याने पायवाट मित्रमंडळ काढलं, स्वतःच त्याचा अध्यक्ष झाला, झाडांवर लाल-पांढरे पट्टे मारले, वळणावळणांवर लाकडी बाण रोवले आणि तळ्याकाठी एक फलक लावला. शिंगं मोडून वासरांत शिरलेला बैल, आर्मिदा म्हणाली. फलकावर लिहिलं होतं की हजारो वर्षांपूर्वी डोंगरातून आलेल्या हिमनदीने हे तळं कोरलं, या टेकड्या रचल्या आणि रानातले हे अवाढव्य धोंडे इथे आणून टाकले. खाली अध्यक्षांचं पूर्ण नाव. आर्मिदाने तो फलक एकदाच वाचला. म्हणाली, हिमनदी बिचारी आली, एवढं काम केलं आणि निघून गेली, तिने कुठं नाव टाकलं नाही.

इथवर सगळं तोंडसुखावर भागत होतं. भागेनासं झालं ते फिओरेंझोने तळ्यावरून येणारी वाट चेस्टनटच्या रानातून, आर्मिदाच्या अंगणाला घासून, वरच्या देवळाकडे वळवली तेव्हा. रान दोघांच्या नावावर होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. आईच्या पश्चात रान साफ ठेवलं आर्मिदाने, कलमं बांधली आर्मिदाने, पण कागदावर अर्धं त्याचं. त्या पहिल्याच वसंतात वीस माणसं दोरीवरच्या तिच्या परकराखालून वाकून गेली. एका बाईने संडास कुठे आहे विचारलं. दुसरीने तिचा फोटो काढला आणि नवऱ्याला म्हणाली, बघ, अजून अशी अस्सल माणसं आहेत. तिसऱ्या एका दाढीवाल्याने, ती सरपण फोडत असताना, श्वास पोटातून कसा घ्यायचा ते तिला समजावून सांगितलं. कुऱ्हाड हातात असताना मी ते ऐकून घेतलं, असं आर्मिदा पुढे अभिमानाने सांगायची.

जूनमध्ये एका दुपारी ती उठली आणि फाट्यापाशी गेली. तिथून डावीकडची वाट तिच्या रानात चढते आणि उजवीकडची खाली नाचऱ्या जमिनीकडे उतरते. नाचरी जमीन म्हणजे पूर्वी तिथे दुसरं छोटं तळं होतं, ते आटवलं, पण पुरतं काही आटलं नाही. वर कुजलेल्या मुळ्यापाल्याचा जाड थर आणि खाली पाणी. वर उडी मारली की पायाखालची जमीन गादीसारखी हलते आणि आसपासची भुर्जाची झाडं डोलायला लागतात. पुढे वाट संपते. आर्मिदाने खांब हलवून सैल केला, बाण डावीकडचा उजवीकडे फिरवला, पायाने माती दाबली आणि घरी येऊन निवांत कोबीचं सूप प्यायली.

तिचा हिशोब सरळ होता. लोक खाली जातील, वाट संपलेली बघतील, शिव्या देत परत येतील आणि गावभर सांगतील की कोसावेल्लाच्या बाणाला अक्कल नाही.

अंगणातून माणसं जायची बंद झाली. सगळा उन्हाळा तिने शांततेत काढला. बेकरीत जायची तेव्हा कान टवकारून उभी राहायची, पण तक्रार काही कानावर येईना. कारण तिने हलवलेल्या बाणामागून गेलेली माणसं नाचऱ्या जमिनीवर पोचत होती, उड्या मारत होती, झाडं डोलताना बघून खिदळत होती आणि परत येऊन मंडळाने अभिप्रायासाठी ठेवलेल्या वहीत लिहीत होती की असा चमत्कार आयुष्यात पाहिला नाही. शेजारच्या गावांतून शाळा यायला लागल्या. उंच टाचांच्या बायका चपला हातात घेऊन नाचून गेल्या. आर्मिदाला हे कळलं ते ऑगस्टअखेर, इरिदेकडून. पाव पिशवीत टाकता टाकता इरिदे म्हणाली की तुझ्या भावाने डोकं लढवलं हं, नाचऱ्या जमिनीवरून वाट नेली.

आर्मिदा म्हणाली, त्याला डोकं असतं तर त्यावर केस राहिले असते. पण त्या दिवशी पाव तिला गोड लागला नाही. बाण परत फिरवावा, तर माणसं अंगणात. तसाच ठेवावा, तर फिओरेंझोची वाहवा. तिने तो तसाच ठेवला आणि दोघांनाही मनातल्या मनात शिव्या दिल्या, भावालाही आणि बाणालाही.

ऑक्टोबरात पाऊस लागला. आठवडाभर समोरची सेर्राची टेकडी दिसली नाही. मग पाऊस थांबला आणि त्याच्या जागी धुकं आलं. त्या धुक्यात एका सकाळी आर्मिदा रानात चेस्टनट वेचत होती, काटेरी बोंडं पायाखाली दाबून फोडत होती, तेव्हा खालून शिट्टी ऐकू आली.

ती शिट्टी तिच्या चांगल्या ओळखीची होती. मंडळाच्या अध्यक्षांच्या गळ्यात केशरी दोरीला लटकायची ती. मेंढरं गोळा करतोय, तिने मनात म्हटलं आणि वेचत राहिली. पण शिट्टी थांबेना. जोराची वाजायची, मग नुसती हवा सुटल्यासारखी, मग पुन्हा. मेंढरांना कुणी असं बोलावत नाही. आर्मिदाने टोपलं खाली ठेवलं, बोंडं झोडायची लांब काठी उचलली आणि पुटपुटत खाली निघाली. घाई तिने मुळीच केली नाही, असं ती स्वतः सांगायची. पण उतारावर तिची एक चप्पल मागे राहिली आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

फिओरेंझो नाचऱ्या जमिनीच्या पलीकडच्या टोकाला होता. लढाईच्या काळात कोळसा मिळत नव्हता, तेव्हा जळणासाठी लोकांनी तिथली कुजकी माती वड्या पाडून काढली होती. त्या खणलेल्या चरांवर पुढे शेवाळ धरलं आणि वरून सगळं सपाट हिरवं दिसायला लागलं. अशाच एका चरात तो कमरेपर्यंत गेला होता. डोक्यावर मंडळाची टोपी तशीच होती. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"हलू नकोस," आर्मिदा म्हणाली.

"हलता आलं असतं तर तुला बोलावलं असतं का?"

"मला कुठं बोलावलंस? शिट्टी मारलीस. मी काय कुत्रं आहे?"

तिने काठी आडवी करून त्याच्यापुढे सरकवली, त्याला दोन्ही हात काठीवर टाकायला सांगितले, आणि मग कडेच्या झुडपांच्या फांद्या मोडून त्यांचे भारे एकापुढे एक टाकत वाट करायला लागली. सत्तरी ओलांडलेली बाई ती, पण हात अजून तिचं ऐकत होते. मधेमधे जमीन हलायची आणि झाडं डोलायची. ती काम करत होती आणि तोंडाने त्याचा उद्धार चालू होता. इथं जन्मलेला माणूस, ती म्हणाली, या चरांत आपल्या चुलत्याचा बैल गेलेला पाहिलेला माणूस, आणि एका लाकडाच्या बाणावर विश्वास ठेवून चालत येतो. ज्याला आपल्या गावात आपलं ढुंगण सापडत नाही तो लोकांना वाटा दाखवतो.

फिओरेंझोने तिला बोलू दिलं. मग म्हणाला, "बाणावर विश्वास ठेवून नाही आलो. तो बाण मीच रोवला होता मिदा, तो कुठं बघत होता ते मला माहीत आहे."

तिने हातातला भारा चिखलात टाकला.

"वहीत सगळे नाचऱ्या जमिनीचं कौतुक करत होते," तो म्हणाला. "माझी वाट इकडून जातच नाही. मग म्हटलं, बघावं तरी माझी बहीण लोकांना कुठपर्यंत धाडते. पुढं पावसात कुणी पोर या चरात जायला नको म्हणून दोरी बांधायला आलो होतो."

दोरी खरंच तिथे एका भुर्जाला अर्धी बांधलेली होती. आर्मिदाने ती पाहिली आणि दुसऱ्या फांद्या मोडायला गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "आडवा हो. पाठीवर. पाय ओढू नकोस, सोडव."

तो मागे रेलला. ती पोटावर पालथी पडून त्याच्या काखेत हात घालून ओढायला लागली. दोघांची तोंडं वीतभर अंतरावर आली, जी आईच्या प्रेतयात्रेनंतर कधी आली नव्हती. तेव्हा तो शहरी बूट घालून आला होता आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला होता.

"तुला कारखान्यात घेतलं होतं," फिओरेंझो एकदम म्हणाला. "इव्रेयाला, टाइपरायटरच्या. त्यांचं बोलावणं आलं होतं."

"तोंड बंद ठेव, चिखल जाईल."

"मला माहीत होतं. आईजवळ दोघांपैकी एकाला राहावं लागणार हेही माहीत होतं. कुणी मला विचारायच्या आत मी गेलो."

हे वाक्य ऐकायची आर्मिदाने सगळा जन्म तयारी केली होती. त्यावर काय बोलायचं ते तिने गोठ्यात, रानात, आईच्या उशाशी बसून हजारदा घोळवलं होतं. बोलून झाल्यावर पाठ फिरवून कसं निघून जायचं तेही ठरलेलं होतं. आणि या मूर्खाने ते बोलायला वेळ निवडली ती अशी, की पाठ फिरवली तर हा बुडणार. ठरवलेल्यातला एकही शब्द तिला आठवेना. तिने फक्त जोर लावला. चिखलाने एक घाणेरडा आवाज केला आणि फिओरेंझो बाहेर आला. त्याचा एक महागडा बूट आतच राहिला.

दोघं बराच वेळ फांद्यांवर पडून धापा टाकत होती. मग आर्मिदा उठली, त्याला काठी दिली आणि म्हणाली, "एकच घे. दोन काठ्यांचं कौतुक पुरे झालं."

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर आर्मिदाला सोसली असती. पण फिओरेंझोने गावात सांगितलं की बाण आपणच चुकीचा लावला होता, आणि वय झालं, धुकं होतं, चूक आपली. बहिणीने जीव वाचवला. बाणाचं खरं त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. गाव हळहळलं. किती मोठ्या मनाचा माणूस, इरिदे म्हणाली, दुसरा असता तर कुणावर तरी ढकललं असतं.

आर्मिदाला रात्रंदिवस दुसरं सुचेना. त्याने ओरडून सांगितलं असतं, भांडला असता, पोलिसांत गेला असता, तर तिला चाललं असतं. पण हा तिला झाकत होता. तिच्यावर उपकार करत होता, तोही फुकट, तोही गुपचूप. जन्मभर तिने त्याला तुच्छ मानलं होतं आणि तेवढं एक तिचं स्वतःचं होतं. तेही हा चिखलातून वर येता येता घेऊन गेला होता.

म्हणून नोव्हेंबरात मंडळाचं वार्षिक जेवण होतं तिथे ती गेली. आजवर कधी गेली नव्हती. जेवण देवळाच्या दालनात होतं. लसूण आणि खारवलेल्या माशांचं कढत कालवण प्रत्येकापुढे छोट्या दिव्यावर खदखदत होतं आणि लोक त्यात भाज्या बुडवून खात होते. फिओरेंझोची बायको लोरेदाना हिने तिला बघून आपल्याशेजारी जागा केली. आर्मिदा बसली नाही. सगळ्यांचं बोलणं थांबेपर्यंत ती टेबलाच्या टोकाला उभी राहिली.

"बाण मी फिरवला," ती म्हणाली. "जूनमध्ये. ठरवून. तुम्ही लोक माझ्या अंगणातून जाऊ नयेत म्हणून. माझ्या भावाचा त्यात काही दोष नाही, आणि त्याने तो घेऊ नये."

मग बेकरीवाल्या इरिदेचे डोळे भरून आले.

"पाहिलंत," ती शेजारच्याला म्हणाली. "भावाची लाज जाऊ नये म्हणून स्वतःवर घेतेय. आणि आपण हिला खाष्ट म्हणायचो."

आर्मिदा म्हणाली की मी खाष्टच आहे, मी बाण फिरवला, खांब कसा सैल केला तेही सांगते. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. पाद्री उठून तिचा हात हातात घेऊन हलवत होते. लोरेदाना नाक पुसत होती. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फिओरेंझो हळूहळू उठला, छातीवर हात ठेवला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "बहिणीचं मन मोठं आहे. पण चूक माझीच होती."

टाळ्या दुप्पट झाल्या. आर्मिदाने त्याच्याकडे पाहिलं. सगळ्या दालनात फक्त तिलाच दिसलं की त्याच्या ओठाचा एक कोपरा हलतोय. लहानपणी दुधावरची साय खाऊन मांजरावर ढकलायचा तेव्हा हलायचा तसा.

खाली बसण्याखेरीज तिच्या हातात काही उरलं नाही. तिने कोबीचं एक पान उचललं, कालवणात बुडवलं आणि खाल्लं. लसूण कमी होता. तिने ते लोरेदानाला सांगितलं.

हिवाळा संपायच्या आत मंडळाने नाचऱ्या जमिनीवर कठडा बांधला, धोक्याचे चर वेगळे केले आणि बाण पक्का करून उजवीकडेच ठेवला. तिच्या अंगणातून आता कुणी जात नाही. हवं होतं ते मिळालं, पण ज्या तऱ्हेने मिळालं ती तऱ्हा तिला अजून पटलेली नाही. गावात लोक तिला आवर्जून नमस्कार करतात. ती त्यांच्याकडे असं बघते की नमस्कार अर्ध्यावर राहावा, पण त्याचाही आता उपयोग होत नाही. बिचारी लाजते, म्हणतात.

फिओरेंझो रविवारी सकाळी रानात येतो. कुणी बोलावलेलं नसतं. जुने रबरी बूट घालून येतो आणि दाताळं घेऊन पाला ओढायला लागतो. दाताळं कसं धरायचं हे तो विसरला आहे, पाल्याबरोबर अर्धं रान उकरतो. आर्मिदा लांब उभी राहून त्याच्या हातांची, पाठीची, विमा कंपनीची सगळ्यांची पिसं काढते. तो ऐकतो, हसतो, दुपारपर्यंत राबतो आणि एक वाकडातिकडा ढीग रचून जेवायला घरी जातो.

तो ढीग एक दिवसही टिकणार नाही असा असतो. फिओरेंझो नजरेआड झाला की ती ढीग मोडते आणि पहिल्यापासून नीट रचते. पुढच्या रविवारी तो विचारतो, माझा ढीग कुठे गेला. वाऱ्याने पडला, ती सांगते, मला परत लावावा लागला. झाडाचं पान हललं नव्हतं त्या आठवड्यात. पण शहरात जन्म घालवलेल्या माणसाला ते काय कळणार.